मुलांसाठी घेतलेला स्क्रोल सॉ : सहा-सात महिन्यांनंतर

लेक दहा वर्षांची, पुतण्या बारा. दोघांच्या हाताला करवत, गिरमिट, कानस बऱ्यापैकी बसल्यावरच उन्हाळ्यात हा 16 इंची स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक पात्याची, नक्षी कापायची विजेची करवत, घेतला. इथले, सांगलीच्या विश्रामबागेतले, आमचे सुतारमामा म्हणाले, "जिगसॉ स्वस्तात पडला असता की." पडला असता. पण जिगसॉ म्हणजे चालतं मशीनच पोराच्या हातात, आणि फळीखाली पाती कुठं आहे ते दिसत नाही. इथं मशीन टेबलाला बोल्टनं पक्कं. पाती जागच्या जागी वरखाली होते, पोरानं फक्त फळी पुढं सरकवायची. बोट कापत नाही असं नाही, कापतंच. म्हणून बोटं पात्याच्या रेषेत कधीच नाहीत.

पोरं दचकतात ती दुसऱ्याच गोष्टीला. वर जाताना पाती फळीला सोबत उचलते आणि फळी टेबलावर थडथड आपटायला लागते. अशा वेळी पोरगं आधी हात सोडतं. यावर उपाय म्हणजे पात्याशेजारचा दाबपट्टीचा पाय, फळीला टेकलेला. व्हिडिओत बरेच जण तो काढून ठेवतात, रेष नीट दिसावी म्हणून. आमच्याकडं तो काढला की काम बंद. चार बोटांपेक्षा लहान तुकडा असेल तर मोठ्या प्लायवर डबल टेपनं चिकटवून कापायचा. ताण तपासायला प्लग काढून पाती बोटानं छेडायची. सतारीच्या तारेसारखी खणखणीत वाजली पाहिजे. सतारी बनवणारं मिरज शेजारीच असल्यानं हे पोरांना समजवावं लागलं नाही.

चष्मा आणि मास्क दोन्ही हवेत. मशीनची फुंकणी भुसा ओढून घेत नाही, रेषेवरून नुसता उडवते, तोही थेट तोंडाकडं. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून नोंदलेली आहे, त्यामुळं काम उघड्या पडवीतच, आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा-तंतू गोंदानं दाबून केलेला बोर्ड) अजिबात नाही. एमआयडीसीतून पॅकिंगच्या पाइनच्या फळ्या आणतो. त्यांवर 'एचटी' शिक्का बघून घ्यायचा, म्हणजे लाकूड नुसतं तापवलेलं. 'एमबी' असेल तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ती फळी तिथंच सोडायची. खिळे चुंबक फिरवून शोधायचं काम लेकीकडं, आणि ती त्यात माझ्यापेक्षा चिकाटीची आहे. केस बांधलेले, ओढणी घरात, हातमोजे नाहीत.

तक्रारी आहेत. स्विच मशीनच्या पुढच्या बाजूला, म्हणजे बंद करायला एक हात फळीवरून काढावा लागतो. मी पायाचा स्विच वेगळा लावून घेतला, पाय उचलला की मशीन थांबतं. कंपनीनं तो मुळातच द्यायला हवा होता. सोबतचा दिवा निव्वळ शोभेचा.

दुसरं मशीन म्हणून 12 व्होल्टचा ड्रिल चालेल, क्लच (किती जोर आला की फिरणं सुटावं ते ठरवणारी कडी) सर्वांत खालच्या आकड्यावर आणि लाकूड शिकंज्यात. ग्राइंडरला लाकूड कापायची चकती लावून काम करतात ते मात्र पोरांसमोरही नको.

या मशीनच्या, दोन्ही टोकांना अडकवायची पिन असलेल्या 5 इंची पात्या सांगलीत मला तरी कुठल्या दुकानात मिळाल्या नाहीत. शिकताना पोरं त्या भराभर मोडतात, तेव्हा मशीनबरोबरच दोन-तीन पाकिटं मागवून ठेवा.