'तुमच्या हवेला साजेशी' ऑर्किड्स आणि माझे १०,१९० रुपये

मी नवखी नाही, हे आधीच सांगते. डोंबिवलीत पश्चिमेच्या गॅलरीत पंधरा वर्षं डेंड्रोबियम जातीची ऑर्किड्स फुलवतेय. तरीही फसले. लिहायला लाज वाटते, पण मला ऑर्किड्स विकणाऱ्या त्या माणसाची तीच यादी आजही ग्रुपवर फिरतेय, म्हणून लिहिते.

'नवीन जाती, तुमच्या जागेप्रमाणे निवडून देऊ,' अशी जाहिरात होती. फोन केला. बाकीचे विक्रेते आधी भाव सांगतात, याने आधी चौकशी केली. गॅलरीचं तोंड कुठे, ऊन किती तास, पाणी बोअरचं की नळाचं, थंडीत रात्री पारा किती उतरतो. मी वही घेऊन एकेक उत्तर दिलं. पारा सतरा-अठरापर्यंत उतरतो, म्हटलं. एवढं खोदून विचारणारा माणूस लबाड असेल असं कुणाला वाटेल? दोन दिवसांनी "ताई, खास तुमच्यासाठी" म्हणत यादी आली: तीन सिंबिडियम, एक निळं फॅलेनॉप्सिस, दोन निळे वांडा, सगळ्या ऑर्किडच्याच जाती. ६,८४० रुपये. मग पॅकिंग-कुरिअरचे १,२५०. माल निघताना 'फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट'चे, म्हणजे झाडांना रोग-कीड नसल्याच्या दाखल्याचे, २,१००. हे सर्टिफिकेट परदेशातून झाडं आणताना लागतं, मला माहीत होतं. पण ८,०९० आधीच अडकलेले, म्हणून तेही भरले. असा जादा खर्च मागाहून निघाला की तिथेच थांबा.

पण खरं कळायला हवं होतं त्याच्या व्हिडिओ कॉलवर. मार्चअखेर होती. मी पंख्याखाली बसून पदराने घाम पुसत होते आणि तो स्वेटर घालून, मागे धुकं, सिंबिडियमचे तुरे दाखवत होता. मी काय म्हणावं? "किती छान हवा आहे हो तुमच्याकडे!" सिंबिडियमला कळी धरायला रात्रीचा पारा कित्येक आठवडे दहा-पंधरा अंशांवर राहावा लागतो. माझ्या सतरा-अठराचा आकडा मीच त्याला दिला होता आणि तो स्वेटर मला दिसत होता. तो कॉल आठवला की अजून झोप उडते.

खोका उघडला तर वांड्याच्या मुळांना झाडाची साल चिकटलेली, मुळं ओरबाडून तुटलेली, पानांवर शेवाळ. जंगलातून उपटून आणलेली झाडं! निळ्या वांड्याला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पहिल्याच पावसात दोन्ही कुजले. फॅलेनॉप्सिसच्या दांड्यावर टाचणीएवढं भोक होतं, कडा निळसर. रंग टोचलेला. पुढच्या वर्षी फुलं पांढरी आली. फुलाचा फोटो बघून काही घेऊ नका, मुळांचा मागा. सिंबिडियमची नुसती पानं वाढतायत आणि तो दोन वर्षं "ताई, धीर धरा" म्हणत राहिला. दरम्यान नागपूरच्या एका मैत्रिणीने तिची 'खास' यादी पाठवली. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश सोसणारं नागपूर, आणि यादी शब्दशः माझीच!

पोलीस ठाण्यात तीन वेळा गेले. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा "फुलझाडांसाठी कशाला एवढा त्रास घेता, बाई?" तिसऱ्यांदा "झाडं मिळाली ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला." जंगलातली झाडं विकतोय म्हटलं तर म्हणे वनखात्यात जा. वनखात्याने झाडं मागितली, ती तर कुजलेली. बँक म्हणते यूपीआय तुम्हीच केलंत. ग्राहक तक्रारीला गेले तर बिल मागितलं, त्याने बिल दिलंच नव्हतं. मग आम्ही जायचं कुठे? रक्कम छोटी म्हणून प्रत्येकजण हात झटकतो, आणि त्याचं दुकान त्यावरच चालतं. नागपूरची ९,६०० गेली, माझे १०,१९०. कुणी एकत्र मोजतंय का?

पक्क्या बिलाशिवाय एक पैसा टाकू नका. संशय आला त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, मी दोन वर्षं थांबले. मुंबई-कोकणच्या दमट उष्म्यात डेंड्रोबियम, मोकारा, सावलीत फॅलेनॉप्सिस खुशाल लावा. सिंबिडियम थंड डोंगरावरच्यांनी घ्यावं. आणि तुमची हवा विचारणाऱ्याला उलट विचारा: तुझ्या नर्सरीत आज रात्री पारा किती?

माझ्या तिसऱ्या अर्जाची पोच अजून मिळालेली नाही.