डस्ट बोल शिकवायचा असेल, तर आधी हे आवाज ऐकवा

अमेरिकेतला १९३०च्या दशकातला दुष्काळ आणि धुळीची वादळं, म्हणजेच ‘डस्ट बोल’, वर्गात शिकवताना मी लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘व्हॉइसेस फ्रॉम द डस्ट बोल’ हा संग्रह वापरते. तो ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. चार्ल्स टॉड आणि रॉबर्ट सॉनकिन यांनी १९४० आणि १९४१मध्ये कॅलिफोर्नियातल्या आर्विन, शाफ्टर, व्हायसेलिया अशा ठिकाणच्या सरकारी छावण्यांत जाऊन स्थलांतरित शेतमजुरांची गाणी, गप्पा, मुलाखती तबकड्यांवर उतरवून घेतल्या.

मला सगळ्यांत मोलाच्या वाटतात त्या छावणीच्या समितीच्या बैठका. उद्ध्वस्त होऊन आलेली माणसं म्हणजे हात पसरून बसलेली, असं मुलं धरून चालतात. इथे तीच माणसं सभा भरवून स्वतःचा कारभार चालवताना ऐकू येतात. हे पुस्तकातल्या दोन परिच्छेदांनी कधीच साधत नाही. तबकड्यांची खरखर आहे, बोलीही जड आहे, म्हणून मी छोटा तुकडा निवडते आणि त्यातलं बोलणं आधीच मराठीत फळ्यावर लिहून ठेवते.

पण एवढ्यावर थांबलात तर चित्र एकांगी राहील. हे आवाज गाव सोडून गेलेल्यांचे आहेत आणि मैदानी भागातली बहुतेक कुटुंबं तर जागची हललीच नाहीत. खिडक्यांना ओल्या चादरी लावून, धुळीनं छाती भरलेली लेकरं सांभाळत ती तिथेच राहिली. शिवाय कॅलिफोर्नियात पोचलेले पुष्कळजण मुळात वादळांच्या पट्ट्यातले नव्हतेच. पूर्व ओक्लाहोमा, आर्कान्सासकडचे कापूस पिकवणारे कूळ-शेतकरी होते ते. हा फरक शिक्षकानं सांगायलाच हवा.

त्यासाठी याच ग्रंथालयातला आर्थर रॉथस्टीनचा १९३६चा फोटो जोडीला घ्या. ओक्लाहोमाच्या सिमॅरन काउंटीत बाप आणि दोन मुलगे वादळातून घराकडे निघालेत, धाकटा मागे पडलाय आणि त्यानं डोळ्यांवर हात धरलाय. “हे रान असं कशानं झालं?” एवढंच विचारा. मग पहिल्या महायुद्धातले गव्हाचे चढे भाव, ट्रॅक्टरनं उलथलेलं गवताळ रान, माती धरून ठेवणारी मुळंच गेलेली आणि वर १९३१पासूनची अवर्षणं, हा सगळा उलगडा मुलांकडूनच काढून घेता येतो. १४ एप्रिल १९३५चा ‘ब्लॅक संडे’, म्हणजे धुळीच्या अतिभीषण वादळाचा रविवार, आणि पुढच्या दोन आठवड्यांच्या आत, २७ एप्रिलला झालेला मृद्संधारण कायदा, या दोन तारखा मी शेजारी शेजारी लिहिते.

सातवीच्या खाली फक्त फोटो आणि लहान मुलांची गाणी पुरेत. आठवी-नववीला मात्र बैठकीचा तुकडा टाळू नका, त्यासाठी एक अख्खा तास राखून ठेवा.