मुलींच्या टीमसाठी घेतलेले स्टड्स, आणि घरच्या ग्राउंडवर २-१ ने गेलेली मॅच

५ पैकी दीड स्टार. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण मला भांडण वाढवायचं नाही, पण पुण्यात कुठल्याही कॉलेजच्या मुली टीमसाठी स्टड्सचे, म्हणजे तळाला टोकं असलेल्या फुटबॉलच्या बुटांचे, एकदम १०-१५ जोड घ्यायला निघाल्या असतील तर त्यांनी हे आधी वाचावं एवढीच इच्छा आहे.

मी आमच्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीममध्ये राइट बॅकला खेळते. आमचं ग्राउंड मुरमाचं आहे, पुण्यातल्या बऱ्याच कॉलेजांचं असतं तसंच, आणि आम्ही आजपर्यंत ज्याच्याकडे जे असेल ते घालून खेळलो, कुणाचे भावाचे जुने, कुणाचे झिजून गुळगुळीत झालेले. यावर्षी माजी विद्यार्थ्यांनी बुटांसाठी १५,००० रुपये दिले, उरलेले आम्ही पोरींनी वर्गणी काढून घातले, आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या टीमला एकसारखे नवे स्टड्स मिळणार म्हणून आम्ही किती खूश होतो ते सांगून कळणार नाही. दुकान पेठेत आहे, जुनं आहे, कॅरम बोर्डापासून क्रिकेटच्या पॅडपर्यंत सगळं मिळतं. जोडावर छापील किंमत १,९९९ होती, १६ जोड म्हणून १,४५० ने लावले, एकूण २३,२००. भावात काकांनी फसवलं नाही, बिलही नीट दिलं, पोरींना पाणी विचारलं, तो एक स्टार त्याचा.

आता खरा मुद्दा. काकांनी आम्हाला साइज विचारला, बजेट विचारलं, रंग कुठला पाहिजे ते विचारलं, पण खेळणार कुठे हे एकदाही विचारलं नाही. आणि आम्हाला पण ते सांगायचं असतं हे माहीत नव्हतं. बूट सुंदर होते, काळे, बाजूला पिवळा पट्टा, बॉक्सवर बारीक अक्षरात एफजी लिहिलेलं. एफजी म्हणजे फर्म ग्राउंड, म्हणजे खाली गवत आणि माती आहे, टोकं थोडी आत रुततात, त्यासाठीचा बूट. मुरूम दाबून रोलर फिरवलेला असतो त्यात काय रुतणार? लहान असताना बाबा मला बालेवाडीला एफसी पुणे सिटीच्या मॅच बघायला घेऊन जायचे (२०१९ ला ती टीमच बंद झाली, अजून वाईट वाटतं), तिथल्या हिरव्यागार गवतावर हा बूट एकदम बरोबर ठरला असता. आमच्या ग्राउंडला टीएफ पाहिजे होते, ज्यांच्या तळाला बारीक बारीक रबराचे खूप दाणे असतात, वजन सगळ्या पावलावर पसरतं आणि पकड बसते. तीस वर्षं पुण्यात खेळाचं सामान विकणाऱ्या माणसाला इथली ग्राउंडं कशी आहेत हे माहीत नसेल असं मला तरी वाटत नाही.

दुसरी गोष्ट मापाची, आणि यावर मला जरा जास्त बोलायचंय. आमच्यातल्या बऱ्याच जणींचा साइज ४ किंवा ५. त्या मापात मोठ्यांचे स्टड्स नाहीतच म्हणून सहा जणींना लहान मुलांचे जोड दिले, आणि ज्यांना साडेपाच लागतो त्यांना मुलांचा ६ नंबर, वर सल्ला की दोन मोजे घाला. मुलींच्या पावलाची ठेवणच वेगळी असते, टाच अरुंद, पुढचा भाग त्या मानाने रुंद, त्यामुळे मुलांचा बूट पुढे आवळतो आणि मागे सुटतो. हे फक्त आमचं रडगाणं नाहीये, २०२३ मध्ये युरोपियन क्लब असोसिएशनने तिकडच्या १६ मोठ्या क्लबमधल्या ३५० महिला खेळाडूंना विचारलं तर ८२ टक्के जणींनी सांगितलं की बुटांचा त्रास होतो. प्रोफेशनल खेळाडूंची ही गत तर आमचं काय. त्याच वर्षी नायकीने खास मुलींच्या पायाचा विचार करून फँटम लूना काढला, पण ते आमच्या बजेटमध्ये कुठून बसणार.

खरेदी सोमवारी, मॅच गुरुवारी. सरांनी फोनवर सांगितलं होतं की नवे बूट मॅचला घालू नका, निदान पंधरा दिवस प्रॅक्टिसला वापरा, पाय बसू दे. आम्ही ऐकलं नाही. ज्यांनी पैसे दिले ते बघायला येणार होते, नवे बूट घालून फोटो काढायचा होता, आणि खरं सांगायचं तर नवे बूट घरात असताना जुने घालायचे हे कुणाच्या मनातच येत नव्हतं. ती आमची चूक, ती काकांवर ढकलत नाही.

इंटर कॉलेजची नॉकआउट होती. आदल्या रात्री पाऊस होऊन गेलेला, वर बोटभर चिखल आणि खाली दगड. अशा ग्राउंडवर आम्ही शंभर वेळा खेळलोय, कुठे पाणी साठतं, कुठल्या कॉर्नरला बॉल उलटा उसळतो सगळं पाठ आहे, आणि तरी पहिल्या दहा मिनिटांत कळलं की आज आम्हीच इथे पाहुण्या आहोत. वळायला गेलं की पाय सटकन जायचा, ब्रेक मारला की टोकांवरच उभं राहिल्यासारखं वाटायचं, सगळा भार तळव्यावर आठ-दहा ठिकाणी टोचायचा. समोरच्या टीमचे बूट मळलेले, जुने, रबराच्या दाण्यांचे, आणि त्या आमच्या ग्राउंडवर आमच्यापेक्षा मोकळ्या पळत होत्या. पहिला गोल अर्ध्या तासाच्या आसपास गेला, आमची लेफ्ट बॅक त्यांच्या विंगरबरोबर वळली आणि अक्षरशः बसली, तिच्यात काही कमी नव्हतं, वर्षभर त्या पोरीने त्या बाजूने कुणाला आत येऊ दिलं नव्हतं.

हाफ टाइमला मोजे काढले तर नऊ जणींच्या टाचांना फोड. एकीचा फुटून मोजा चिकटलेला, तो पाणी ओतून सोडवला. मिडफिल्डची एकजण म्हणाली की मी अनवाणी खेळते, लहानपणी गावाला तशीच खेळायचे, पण रेफरी सरांनी नाही म्हणून सांगितलं आणि ते बरोबरच होतं, नियमात बूट सक्तीचे आहेत. जुने बूट बॅगेत फक्त चौघींनी आणलेले होते, त्यांनी ते घातले.

दुसरा गोल आमच्या गोलकीपरचा बूट उघडल्यामुळे गेला. मी तिच्यापासून दहा पावलांवर होते. गोल किक घ्यायला ती धावत आली, पाय बॉलला लागला आणि सोल पुढून पार मधल्या कमानीपर्यंत सुटला, नुसता लोंबत राहिला, आत पिवळट गोंदाचे सुकलेले ठिपके दिसत होते, मधे मधे नुसते ठिपके, पूर्ण पट्टी नाहीच. शिलाईचा एक टाका नाही. बॉल जेमतेम वीस यार्ड गेला, सरळ त्यांच्या फॉरवर्डच्या पायात, आणि तिने तो आत टाकला. आमची गोलकीपर फायनल इयरला आहे, चार दिवसांचे बूट हातात धरून ती पोस्टला टेकून उभी राहिली आणि मला तिच्याकडे बघवेना.

आमचा गोल शेवटी शेवटी झाला. आमच्या स्ट्रायकरला तोच मुलांचा ६ नंबर दिलेला, बॉक्समध्ये शिरताना चिखलात बूट अडकला आणि निघाला, ती थांबलीच नाही, नुसत्या मोज्याच्या पायाने तिने बॉल खालच्या कोपऱ्यात मारला. समोरच्या पोरींनी आरडाओरडा केला पण रेफरी सरांनी गोल दिला, कारण बूट चुकून निघाला तर बॉल बाहेर जाईपर्यंत खेळत राहता येतं असा नियमच आहे. आख्ख्या मॅचमध्ये आमच्याकडून बॉलला नीट पाय लागला तो हा, आणि त्या पायात तो बूट नव्हता. २-१. वर्ष संपलं. तिघींची कॉलेजकडून ती शेवटची मॅच होती.

पुढच्या दोन प्रॅक्टिसमध्ये गवताच्या पट्ट्यावर घालून बघितले तर अजून चार जोडांचे सोल सुटले. पाच जोड घेऊन दुकानात गेलो. काका म्हणाले, 'वापरलेला माल परत होत नाही, बिलावर लिहिलंय, आणि मुलींसाठी वेगळं काही येत नाही गं, सगळे हेच नेतात.' वर सोल चिकटवायची ट्यूब पुढे केली. माझी आत्या ग्राहक पंचायतीचं काम करते, तिने सांगितलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत खराब माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली जाते, 'नो एक्स्चेंज नो रिफंड' छापलं म्हणून सुटका होत नाही. दुसऱ्या दिवशी आत्या सोबत आली, आवाज न चढवता तेच सांगितलं, आणि काकांनी पाच जोडांचे ७,२५० रोख परत दिले. उरलेला अर्धा स्टार त्याचा. बाकीचे ११ जोड खराब नाहीत, चुकीचे आहेत, ते परत मागायला कायदा नाही.

त्या ११ जोडांना आमच्या चौकातल्या मोचीकाकांनी कडेने शिलाई मारून दिली, १०० रुपये जोड. मी बसून बघितलं, आरीने एकेक भोक पाडायचं, मेण लावलेला दोरा दोन्हीकडून ओढून घ्यायचा, एका बुटाला वीसेक मिनिटं. त्यांना ५ पैकी ५. त्यांनीच पहिला बूट हातात घेऊन, उलटा करून विचारलं, 'कुठे खेळता पोरींनो, मातीत का गवतात?'

तर घ्यायला जाल तेव्हा बॉक्सवर एफजी आहे का टीएफ ते बघा, आणि आधी आपल्या ग्राउंडवर जाऊन घराची किल्ली जमिनीत दाबा, सहज आत गेली नाही तर लांब टोकांचे बूट घेऊच नका. सोल बोटांनी वाकवून कडेला फट दिसते का बघा. माप संध्याकाळी घ्या, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात. आणि जुने बूट, कितीही फाटके असले तरी, मॅचच्या बॅगेत ठेवा.

परत आलेल्या पैशांतून दुसरीकडून ९०० चे आठ जोड टीएफ घेतले, तिथल्या दादाने सगळ्यात आधी ग्राउंड विचारलं. ७,२०० झाले. राहिलेल्या ५० रुपयांच्या लेस आणल्या, जुन्या बुटांना.