दारातल्या पूररोधक फळ्या: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

दारात बसवायच्या ॲल्युमिनियमच्या पूररोधक फळ्या मे महिन्यात घेतल्या, त्याला आता आठ महिने झाले. मागच्या आठवड्यात कंपनीच्या सेवा केंद्राने, रबराची पट्टी सुटी मिळणार नाही, पूर्ण फळीच विकत घ्यावी लागेल, असे तिसऱ्यांदा कळवले आणि त्या संतापातच हे लिहायला घेतले आहे. फळ्यांची मापे आणि किमती सगळीकडे वाचायला मिळतात, म्हणून त्या येथे पुन्हा देत नाही. दोन दारांसाठी बसवणुकीसह माझे 46,000 रुपये गेले, एवढेच नमूद करतो.

आमचे घर नाशिकच्या पंचवटीत, गोदाघाटापासून दोन गल्ल्या आत आहे. 2008, 2016 आणि 2019 या तिन्ही पुरांत तळमजल्यावर पाणी आले. 2019 च्या ऑगस्टमध्ये धान्याच्या कोठ्या, फ्रीज आणि आईची सागवानी पेटी एका रात्रीत गेली. घाटाजवळ राहणारी माणसे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहूनच पुराचा अंदाज बांधतात; पाणी मारुतीच्या छातीला लागले की आमच्या घरात सामान माळ्यावर चढवायला सुरुवात होते. पूर्वी आम्ही वाळूच्या गोण्या रचत असू, पण त्या झिरपतात, उचलताना कंबर धरते आणि पूर ओसरल्यावर गटाराच्या पाण्याने भिजलेली ती वाळू टाकायची कुठे हा प्रश्न उरतो. त्यामुळे फळ्यांचा खर्च मनाला पटला.

बसवणूक करताना पहिली अडचण उंबरठ्याची आली. आमचा उंबरठा काळ्या दगडाचा असून पिढ्यान्‌पिढ्यांच्या वावराने मधोमध खोलगट झाला आहे. फळीच्या खालचे रबर सपाट जागेवरच नीट बसते, त्यामुळे दगडावर ग्रॅनाइटची पट्टी पाणसळ लावून बसवून घ्यावी लागली. जुन्या घरात राहणाऱ्यांनी हा खर्च आधीच धरावा, कारण विक्रेता त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. दाराच्या दोन्ही बाजूंना पन्हळी पक्क्या केल्या आहेत, त्यांत 20 सेंटीमीटर उंचीच्या तीन फळ्या एकावर एक सरकवायच्या आणि वरून पकडी आवळायच्या. हे काम आई एकटी दहा मिनिटांत करू शकते. ही या वस्तूची खरी जमेची बाजू आहे आणि पुढे कितीही तक्रारी केल्या तरी ती मी मागे घेणार नाही.

जुलैमध्ये गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाल्याचे कळताच फळ्या लावल्या. त्या वेळी गल्लीत घोटाभरच पाणी आले आणि घर कोरडे राहिले. मी इतका खूश झालो की नातेवाइकांना फोटो पाठवले आणि फळ्या पुढचे तीन आठवडे तशाच आवळून ठेवल्या. ती माझी चूक होती. सतत दाबाखाली राहिल्याने खालचे गोल पोकळ रबर चपटे झाले आणि पकडी सैल केल्यावरही मूळ आकारात परतले नाही. गरज नसताना पकडी सैल कराव्यात, ही सूचना पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात आणि केवळ इंग्रजीत आहे. ज्या वस्तूचा सगळा भरवसा एका रबरावर आहे, तिच्या पुस्तिकेत ही गोष्ट पहिल्या पानावर आणि मराठीत असायला हवी होती.

ऑगस्टमधल्या एका रात्री खरी परीक्षा झाली. येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे: गंगापूरमधून किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) सोडले आणि शहरातल्या अहिल्याबाई होळकर पुलाखालून किती क्युसेक वाहत आहे, हे दोन वेगळे आकडे असतात, कारण धरणाच्या खाली पडणारा पाऊस आणि शहरातले नाले वाटेत नदीला मिळतात. आपल्या दाराशी काय येणार हे ठरवताना पुलाखालचा आकडा पाहावा. त्या रात्री मी फक्त धरणाचा आकडा पाहून निर्धास्त झालो होतो. अडीच वाजता दारातल्या फळीवर बाहेरच्या बाजूने 30 सेंटीमीटर पाणी चढले आणि आतल्या बाजूला, चपट्या झालेल्या रबराच्या डाव्या कोपऱ्यातून, पाण्याची बोटभर रुंदीची पातळ धार येऊ लागली. मी तिथे टॉवेल कोंबत बसलो आणि घरात पाणी वाढतच गेले. चार इंच झाले. फळ्या फसल्या, पैसे बुडाले, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

तेवढ्यात शेजारच्या काकू जिन्यावरून ओरडल्या, “अरे, दार सोड! पाणी मोरीतून येतंय!”

ते खरे होते. न्हाणीच्या जाळीतून काळपट पाणी बुडबुडत वर येत होते. नदीची पातळी वाढली की गटाराच्या पाण्याला पुढे जायला वाट उरत नाही, ते वाहिनीत मागे फिरते आणि तळमजल्यावरची मोरी हे त्याला मिळणारे सर्वांत खालचे तोंड असते. दारातून आलेले पाणी बादलीभर असेल, बाकी सगळे मोरीने आणले होते. त्यामुळे सप्टेंबरपर्यंत या फळ्यांविषयी मी जे वाईट बोललो, त्यातले बरेचसे येथे मागे घेतो.

मात्र विक्रेत्याने घर पाहायला आल्यावर चार वेळा दार मोजले आणि मोरीकडे एकदाही पाहिले नाही, ही तक्रार कायम आहे. सप्टेंबरमध्ये आमच्या आवारातल्या चेंबरमध्ये, बाहेर जाणाऱ्या चार इंची पाइपवर, प्लंबरकडून एकाच दिशेने उघडणारी झडप बसवून घेतली. प्लंबर तिला नुसते ‘एनआरव्ही’ म्हणतात. मजुरीसह 5,800 रुपये लागले. गल्लीतल्या पाच घरांनी मिळून अर्ज दिल्यावर महापालिकेचे कर्मचारी गाडी घेऊन आले, चेंबरच्या पुढची मुख्य वाहिनी साफ करून दिली आणि झडप कोणत्या बाजूला बसवावी हेही प्लंबरला दाखवून गेले. एकट्याने अर्ज करण्यापेक्षा पाच सह्यांचा अर्ज करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

या झडपेचेही पथ्य आहे. केस आणि प्लास्टिक अडकले की तिचे झाकण अर्धवट उघडे राहते, म्हणून पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी चेंबर उघडून ती धुवावी लागते. दुसरे म्हणजे, पुराच्या दाबाने झाकण बंद असताना घरातले सांडपाणीही बाहेर जात नाही. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी त्या वेळी संडासात पाणी ओतले तर ते आमच्याच मोरीतून वर येणार. म्हणून आता गल्लीत पाणी शिरले की मी प्रथम वर जाऊन त्यांना सांगून येतो.

इंग्लंडमध्ये डिसेंबर 2015 च्या डेस्मंड वादळानंतर पूरग्रस्त घरांना स्थानिक कौन्सिलमार्फत कमाल 5,000 पौंडांपर्यंत अनुदान देण्यात आले. ते मोडलेले पूर्ववत करण्यासाठी नव्हते, तर दारातले अडथळे, झडपा, उंचावर घेतलेली विजेची बटणे अशा पुढच्या पुरात टिकणाऱ्या सुधारणांसाठी होते. आपल्याकडे पंचनाम्यानंतर हाती येते ती मदत झालेल्या नुकसानीची असते. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या घरांना निदान मोरीच्या झडपेपुरते साहाय्य मिळावे, असे मला फार तळमळीने वाटते. माझ्या घरात चार इंच पाण्याने जे नुकसान झाले, त्यात अशा तीन झडपा बसल्या असत्या.

आता पुन्हा रबराकडे येतो. कंपनीने एका फळीचे 7,400 रुपये सांगितले. खराब झाले आहे ते सव्वा मीटर रबर. मी जुन्या पट्टीचा तुकडा कापून अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नेला, तिथल्या एका दुकानदाराने तो बोटांत दाबून पाहिला आणि त्याच घडणीची पट्टी 140 रुपये मीटर दराने कापून दिली. चिकटवून, बादल्यांनी पाणी ओतून पाहिले; डावा कोपरा कोरडा राहिला. पूर्ण पुराच्या दाबाखाली ती कशी वागते, हे येत्या पावसाळ्यातच दिसेल.

दोन दारांपैकी एकावर चौथी फळी चढवण्याचा आईचा आग्रह होता. तो मी मानलेला नाही. पाणी 30 सेंटीमीटर असताना आमच्या 1.1 मीटर रुंदीच्या दारावर सुमारे 50 किलोचा भार येतो, ते 60 सेंटीमीटर झाले की भार चौपट, म्हणजे सुमारे 200 किलो होतो, आणि जवळपास तेवढाच भार भिंतीच्या लांबीच्या प्रत्येक मीटरवरही असतो. आमच्या भिंती माती-विटांच्या आहेत. त्याहून जास्त पाणी चढले तर ते घरात येऊ द्यावे, भिंत वाचवावी आणि आपण वर निघून जावे, हे मी आईला कागदावर आकडे मांडून समजावले आहे. मधल्या खोलीतली बटणे कमरेच्या वर घेऊन झाली आहेत. मागच्या दाराच्या फळीचे रबर बदलायचे राहिले आहे, त्यासाठी आणखी दीड मीटर पट्टी आणून ठेवली आहे.