'राजवाडा आज बंद आहे' म्हणणाऱ्याकडे बघूसुद्धा नका

२३,६०० बाट. बायको म्हणाली आकडा कुणाला सांगू नका, म्हणून तोच आधी लिहितो.

बँकॉकच्या ग्रँड पॅलेसपाशी घालतात ती नेहमीची टोपी. तुम्हाला माहीत असेलच. मलाही माहीत होती, तरी घालून घेतली.

सकाळी साडेनऊला था चांग धक्क्यावर बोटीतून उतरलो. भिंतीपाशी इस्त्रीच्या शर्टातला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला गृहस्थ. "आज राजघराण्याची पूजा आहे, एक वाजेपर्यंत बंद." हसण्याआधी ऐका. राजा तिथे राहत नसला तरी वाड्यात राजविधी आजही होतात. वाड्याच्या आवारातल्या वाट फ्रा केओ या देवळातल्या बुद्धाची वस्त्रं ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा बदलतात, तीही राजाच्या हस्ते. थाप खऱ्यालाच चिकटवलेली होती.

पण त्याच्या खांद्यावरून मला फाटक दिसत होतं. छत्री उंच धरलेल्या गाईडमागून चाळीसेक माणसं आत चालली होती. मी बघितली. आणि मनात म्हटलं, यांचं आधीच बुकिंग असेल! तो गृहस्थ काही बोलला नव्हता, हे उत्तर माझं मीच शोधलं. चार पावलं पुढे जाऊन खिडकीवर विचारायला काय झालं होतं? वाडा साडेआठला उघडतो, साडेतीनपर्यंत आत सोडतात. बंद आहे की नाही ते फक्त फाटकावर विचारा.

टुकटुकवाला तीन ठिकाणं ४० बाटमध्ये फिरवायला तयार झाला. एवढ्यात पेट्रोलही सुटत नाही. त्याचं कमिशन दुकानात असतं. वाटेतल्या देवळात एक सुटाबुटातला 'सहज' भेटला, खड्यांवरची सरकारी सूट आजच संपतेय म्हणाला. दोन नीलम घेतले. संध्याकाळी दुसऱ्या सराफाने दोन्हींचे मिळून ५,००० सांगितले.

पोलीस चौकीत दोन तास बसवलं. खडे खरे आहेत, पावतीवर सही तुमची, मग गुन्हा कसला? दुकानाशी तुम्हीच बोला. दुकान म्हणे, माल परत घेत नाही. बँकेला फोन केला तर, "सर, पिन तुम्हीच टाकलाय ना?" हो बाबा, मीच टाकलाय! चौकीतल्या साहेबाला त्या माणसाची जागा नेमकी सांगितली, तर त्याने मान डोलावली आणि चहा मागवला. स्वतःसाठी.

दुसऱ्या दिवशी माणशी ५०० बाट भरून आत गेलो. तो इस्त्रीवाला तिथेच, एका म्हाताऱ्या जोडप्याशी बोलत. मी ओरडलो, "ओपन! ओपन!" जोडपं मलाच घाबरून बाजूला सरलं.

आत गाईड सांगत होता, याला पाचूचा बुद्ध म्हणतात, पण हा पाचू नव्हेच, वेगळाच हिरवा दगड आहे. बायकोने माझ्याकडे बघायचंही टाळलं.