जळगावचा जिम्नॅस्टिक्स क्लास: पोरीचं सिलेक्शन झालं नाही तरी चार स्टार

चार स्टार देतोय. कापलेला एक स्टार शेड आणि मॅटसाठी आहे, शिकवण्यासाठी नाही आणि सिलेक्शनसाठी तर अजिबात नाही.

आमची पोर सातवीला आहे, भुसावळहून आणतो तिला, कधी मी कधी तिची आई. आधी ती दुसरीकडे जायची, त्या जागेचं नाव लिहीत नाही, पण तिथं टीम कशी निवडतात हे एकाही पालकाला कधी कळलं नाही. रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार नावं पडायची आणि विषय संपला, विचारायला गेलं की सरांनी बघून ठरवलंय एवढंच उत्तर. पोरी वर्षभर पहाटे उठून घाम गाळतात, त्यांना निदान आपण कशात कमी पडलो हे तरी कळायला पाहिजे ना भो. जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य अशी ही शिडी आहे आणि पुढं दहावीचे क्रीडा गुण, सरकारी नोकरीतला ५ टक्के खेळाडू कोटा, सगळं त्या सर्टिफिकेटवर चालतं, म्हणजे खालच्या पायरीवर एखाद्या पोरीवर अन्याय झाला तर तो वरपर्यंत तिच्यासोबत जातो.

या क्लासमध्ये स्पर्धेच्या महिनाभर आधी बोर्डावर कागद लागतो. ट्रायल कधी, पंच कोण, किती पोरी घेणार, निवड एकूण गुणांवर होणार का टीमच्या बेरजेवर, बरोबरी झाली तर काय, एखादी आजारी पडली तर काय, सगळं साध्या मराठीत. ट्रायल झाली की प्रत्येक पोरीचे प्रत्येक अ‍ॅपरेटसवरचे, म्हणजे व्हॉल्ट, बार, बीम आणि फ्लोअर या चारही साधनांवरचे, गुण त्याच बोर्डावर लावतात. आणि सगळ्यात भारी म्हणजे सरांची सख्खी भाची याच बॅचला आहे म्हणून सर स्वतः गुण देत नाहीत, बाहेरगावचे दोन पंच बोलावतात आणि त्यांचा येण्याजाण्याचा खर्च क्लास करतो. हे कोणी त्यांना करायला लावलेलं नाही.

बाकी खेळांपेक्षा इथं हे जास्त लागतं कारण जिम्नॅस्टिक्समध्ये घड्याळ नाही की टेप नाही. पळण्यात कोण पुढं आलं ते सगळ्या मैदानाला दिसतं. इथं डी स्कोअर म्हणजे किती अवघड केलं, आणि ई स्कोअर म्हणजे किती नीट केलं, तो १० मधून कापत जातात, पडलं की सरळ १ गुण, बारीक चूक ०.१, मधली ०.३, मोठी ०.५. आता बीमवर, म्हणजे त्या अरुंद पट्टीवर, गुडघा वाकला तो ०.१ चा का ०.३ चा हे शेवटी पंचाची नजर ठरवते, आणि तेवढ्यात सगळं बदलतं, २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये आपल्या दीपा कर्माकरचं व्हॉल्टचं (पळत येऊन टेबलावरून मारायची उडी) ब्राँझ ०.१५० ने गेलं, चौथी आली ती. म्हणून पंच कोण आणि नियम काय हे ट्रायलच्या आधीच ठरलेलं पाहिजे, नंतर नाही.

दीपाचं नाव निघालंच आहे तर २०२३ चं लिहितोच, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्यावर २१ महिन्यांची डोपिंगची बंदी होती, ती १० जुलै २०२३ ला संपली. शिक्षा झाली, तिनं भोगली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. लगेच भुवनेश्वरला एशियन गेम्सची ट्रायल झाली आणि त्यात ती पहिली आली. तरी तिला त्या गेम्सला, चीनच्या हांगझोऊला, पाठवली नाही, कारण क्रीडा मंत्रालयाचा निकष होता की मागच्या १२ महिन्यांत खेळाडूची कामगिरी आधीच्या एशियन गेम्सच्या आठव्या नंबरच्या तोडीची पाहिजे. अरे पण ती त्या १२ महिन्यांत खेळूच शकत नव्हती! निकष असा होता तर ट्रायलला उभं केलं कशाला तिला? जिम्नॅस्टिक्समध्ये एकटी प्रणती नायक गेली, व्हॉल्टच्या फायनलला पोचली, आठवी आली, तिच्या मेहनतीत काहीच कमी नाही. आणि मे २०२४ मध्ये ताश्कंदला दीपानं व्हॉल्टमध्ये १३.५६६ गुणांनी एशियन चॅम्पियनशिपचं गोल्ड आणलं, भारताचं पहिलं. बरं त्याच जुलै २०२३ मध्ये त्याच एशियन गेम्ससाठी कुस्तीत उलटं झालं, बजरंग पुनिया आणि विनेश फोगटला ट्रायल न देता थेट एंट्री, आणि विनेशच्या ५३ किलोत ट्रायल जिंकलेली अंतिम पंघाल नुसती स्टँडबाय. पुढं विनेशला दुखापत झाली तेव्हा अंतिम गेली आणि ब्राँझ घेऊन आली. एका खेळात ट्रायल जिंकून घरी बसायचं, दुसऱ्यात ट्रायल न देता जायचं, मग पोरींनी ट्रायलवर विश्वास ठेवायचा तरी कसा?

आता आमच्या पोरीचं. गेल्या वेळी टीम चार जणींची होती, ही एकूण गुणांत चौथी आली आणि तरी पाचव्या नंबरच्या पोरीला घेतलं. तिची आजी फोनवर सरळ म्हणाली, मनी नातले काबर नई लिधं? (माझ्या नातीला का नाही घेतलं?) मीही तावातावानंच विचारायला गेलो होतो. सरांनी वही काढली आणि हिशोब दाखवला. त्या स्पर्धेत प्रत्येक अ‍ॅपरेटसवर तिघी उतरणार आणि तिघींचेही गुण धरणार, एकही सोडायचा नाही, ऑलिम्पिकच्या टीम फायनलला असतं तसंच. पहिल्या तिघींमधली एक व्हॉल्टला कच्ची होती. आमची पोर चारही ठिकाणी बरी, पण तिला घेतल्यावर टीमची बेरीज ०.६ नं वाढत होती आणि पाचव्या नंबरच्या पोरीच्या व्हॉल्टमुळं १.१ नं. निवड टीमच्या बेरजेवर होणार हे कागदावर आधीच लिहिलेलं होतं, मीच पोरीला ते वाचून दाखवलं होतं. पॅरिसला २०२४ मध्ये अमेरिकेनं पुरुषांच्या टीममध्ये स्टीफन नेडोरोसिकला नेलं तेही याच हिशोबानं, तो फक्त पॉमेल हॉर्स (दोन मुठींचा घोडा) करतो, सहापैकी बाकी पाच अ‍ॅपरेटसला हात लावत नाही, आणि टीमनं २००८ नंतर पहिल्यांदा ब्राँझ घेतलं. नंबरनंच घ्यायला पाहिजे असं माझं म्हणणं नाहीच, कसं घेणार ते आधी सांगा आणि मग तसंच घ्या, एवढंच. पोर दोन दिवस रुसली होती, पण चिडली कोणावर नाही, आता रोज थांबून व्हॉल्ट मारते.

सुधारायला पाहिजे ते पण लिहितो. आक्षेप घ्यायला फक्त दहा मिनिटं देतात, कामावरून येणाऱ्या पालकाला ती पुरत नाहीत, निदान दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत द्या. ट्रायलचा व्हिडिओ एकाच बाजूनं काढतात, बीमला तरी दोन बाजूंनी पाहिजे. शेड पत्र्याची आहे, मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ ला टेकतो तेव्हा दुपारच्या बॅचला पोरींचे अक्षरशः हाल होतात, एक मोठा कूलर बसवाच. स्प्रिंगचा फ्लोअर नाही, साध्या मॅटवर सराव होतो आणि मग राज्याच्या स्पर्धेत उसळणारा फ्लोअर मिळाला की लँडिंग चुकतं. त्या मॅट पण दोन ठिकाणी फाटल्यात, त्यात पोरीचा पाय अडकू शकतो, हे सगळ्यात आधी करा. पोरींसाठी कपडे बदलायची खोली आहे पण तिची कडी नीट लागत नाही, तीन वेळा सांगून झालंय.

फी तीन महिन्यांची एकदम घेतात, भावंडं असतील तर कमी करतात. नवीन ॲडमिशन उन्हाळी कॅम्पच्या गर्दीत घेऊ नका, जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर जा, तेव्हा मॅडम प्रत्येक पोराकडं नीट लक्ष देतात. ट्रायल बघायला कोणीही पालक येऊ शकतो, खुर्च्या नाहीत, कठड्यापाशी उभं राहावं लागतं.