नाथसागराच्या काठावरील पक्षीनिरीक्षण सहल : एक अभिप्राय

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला नेऊन जायकवाडी धरणाच्या नाथसागर या जलाशयाकाठी स्थलांतरित पक्षी दाखवणारी एक दिवसाची सहल येथील एक गट हिवाळ्यात आयोजित करतो. तिच्याविषयी हा अभिप्राय आहे. मराठवाड्याला समुद्र नाही, त्यामुळे ओल्या गाळात चरणारे पाहुणे पक्षी पाहायचे तर नाथसागर हाच आपला किनारा, आणि सुमारे ३४० चौरस किलोमीटरच्या या परिसराला १९८६ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला तो उगाच नव्हे.

सहलीची जमेची बाजू म्हणजे जागेची निवड. हा जलाशय विस्ताराने मोठा असला तरी बराच उथळ आहे. तो काठोकाठ भरलेला असतो तेव्हा चिखलात चोच खुपसणाऱ्या पक्ष्यांना पाय टेकायलाही जागा उरत नाही, आणि पाणी ओसरू लागले की गाळाचे पट्टे उघडे पडून त्यांची पंगत बसते. मार्गदर्शकाने आदल्या दिवशीच पाण्याची पातळी पाहून ठेवली होती, म्हणून धरणाच्या भिंतीपाशी वेळ न दवडता त्याने आम्हांला थेट गाळपेराच्या, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरलेल्या, शेतांकडे नेले आणि बांधावर पाऊल ठेवण्यापूर्वी शेतकऱ्याची परवानगी घेतली. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब जातीचे हंस तेथे हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांवर ताव मारत होते. डोक्यामागचे दोन काळे पट्टे दुर्बिणीतून स्वच्छ दिसत होते. ते पाहून आम्ही हरखलो असलो तरी शेताच्या धन्याचा चेहरा तितकासा खुललेला नव्हता.

त्याहून अधिक शिकायला मिळाले ते टिलव्यांकडून. छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा हे चिमणीएवढे पक्षी लांबून सारखेच भासतात; पहिल्याचे पाय काळे, दुसऱ्याचे पिवळसर, परंतु चिखल माखला की हा फरक नाहीसा होतो. मार्गदर्शकाने घाई न करता पक्षी उथळ पाण्यातून चालून पाय धुऊन बाहेर येईपर्यंत सर्वांना थांबवले आणि तोवर चालीतला फरक दाखवला: छोटा टिलवा भराभर टोचत धावतो, टेमिंकचा अंग जमिनीलगत ठेवून सावकाश सरकतो. असा सबुरीचा माणूस मिळणे हेच माझ्या मते शुल्काचे मोल होते.

तक्रारीही आहेत. जाहिरातीत ‘दुर्मीळ पक्षी हमखास’ असे छापणे गैर आहे, कारण पक्षी कोणाच्या शब्दाला बांधलेले नसतात. आम्हांला करकोचे दिसले नाहीत आणि रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांची केवळ दूरवर गुलाबी रेघ दिसली. गाडी शहरातून उशिरा निघाली, ही चूक अधिक महागात पडली. ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि मग उत्तम स्पॉटिंग स्कोपमधूनही (तिकाटण्यावर बसवलेल्या एकनळी दुर्बिणीतूनही) आकार विरघळलेले दिसतात. त्यातच एवढ्या मोठ्या गटासाठी स्कोप एकच होता, तेव्हा आपली पाळी येईपर्यंत पक्षी उडालेला असे. दुपारचे पिठले, ज्वारीची भाकरी आणि ठेचा मात्र नाव ठेवण्याजोगे नव्हते.

नोंदणी करण्यापूर्वी ‘सध्या पाणी किती ओसरले आहे’ हे आयोजकांना अवश्य विचारावे. काठावर स्वच्छतागृह नाही आणि त्यासाठी पैठणलाच परतावे लागते, ही गोष्ट ते आपणहून सांगत नाहीत. महिलांनी व ज्येष्ठांनी याची चौकशी आधीच केलेली बरी.